आधी दोन आकडे, मग सर्व्हर

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी सकाळी दिल्लीच्या एम्स रुग्णालयातले संगणक थांबले. केसपेपर, तपासण्यांचे अहवाल, भरती, बिलं असं सगळं हाताने लिहायची वेळ आली. कामकाज बऱ्यापैकी मार्गावर यायला सुमारे दोन आठवडे लागले. कोणीतरी यंत्रणेत शिरून माहितीला कुलूप घातलं होतं. याच प्रकाराला रॅन्समवेअर म्हणतात. पुढे सरकारने संसदेत सांगितलं, की पाच सर्व्हर बाधित झाले आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली. ई-हॉस्पिटल प्रणालीची माहिती मात्र परत मिळाली, कारण एका बॅकअप सर्व्हरपर्यंत ही लागण पोहोचलीच नव्हती. त्यावरून ती नव्या सर्व्हरवर चढवली गेली.

१.३ टेराबाइट माहिती आज काही हजार रुपयांच्या एका डिस्कवर मावते. देशभरातून रुग्ण येतात अशा रुग्णालयाचं काम अडलं, ते एवढ्याशा माहितीसाठी. डिस्कची किंमत आणि डिस्कवरच्या कामाची किंमत यांचा एकमेकींशी काही संबंध नसतो. तरीही आपल्याकडे सर्व्हरची खरेदी यंत्राच्या किमतीपासूनच सुरू होते. तीन कोटेशनं मागवायची, प्रोसेसरचं नाव आणि मेमरीचा आकडा जुळवायचा आणि सगळ्यात स्वस्त देईल त्याला ऑर्डर द्यायची. हा क्रम उलटा आहे. कारखाना असो, पतसंस्था असो, रुग्णालय असो की लेखापरीक्षकाचं कार्यालय, खरेदीची सुरुवात दोन आकड्यांपासून व्हायला हवी आणि ते आकडे मालकाने किंवा संचालक मंडळाने ठरवायला हवेत. कुठला सर्व्हर, कुठलं स्टोरेज, किती खर्च, हे सगळं त्या आकड्यांमधून निघतं.

एका पेटीत बारा सर्व्हर

पूर्वी प्रत्येक कामाला वेगळा सर्व्हर असे. एक ईआरपीचा, एक फायलींचा, एक हजेरी-पगाराचा. त्यातला प्रत्येक जण दिवसाचा बराच वेळ रिकामा बसलेला असे. प्रोसेसरचा वापर दहा-पंधरा टक्क्यांच्या वर जाणं विरळाच. व्हर्च्युअलायझेशनने ही उधळपट्टी थांबवली. एका यंत्रावर हायपरव्हायझर नावाचं सॉफ्टवेअर बसवायचं. ते त्या यंत्राचे अनेक आभासी सर्व्हर करतं आणि प्रत्येकाला आपण स्वतंत्र यंत्रावर आहोत असंच वाटतं. एका वाड्यात बारा बिऱ्हाडं राहावीत, प्रत्येकाची चूल वेगळी, पण जोतं, छप्पर आणि विहीर सामाईक, तसा हा संसार आहे.

कल्पना जुनी आहे. आयबीएमच्या केंब्रिज इथल्या केंद्रात १९६०च्या दशकात तिच्यावर काम झालं आणि १९७२मध्ये व्हीएम/३७० हे उत्पादन जाहीर झालं. पण तो लाभ मोठ्या मेनफ्रेमपुरता होता. स्वस्त इंटेल जातीच्या यंत्रांवर हे शक्य करून दाखवलं ते १९९८मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने. २००५-०६मध्ये इंटेल आणि एएमडी यांनी प्रोसेसरमध्येच त्यासाठी सोय केली. २००७मध्ये लिनक्सच्या गाभ्यात केव्हीएम आलं, २००८मध्ये मायक्रोसॉफ्टचं हायपर-व्ही आलं. आज तालुक्याच्या गावातल्या कारखान्यातही एका सर्व्हरवर आठ-दहा आभासी सर्व्हर चालतात.

यात खर्च वाचतो, जागा वाचते, वीज वाचते. पण एक गोष्ट खरेदीच्या बैठकीत क्वचितच बोलली जाते. पूर्वी एक सर्व्हर बिघडला तर एक काम थांबायचं. आता एक बिघडला, की बाराही कामं एकदम थांबतात. म्हणून व्हर्च्युअलायझेशनसाठी हार्डवेअर निवडताना पहिला प्रश्न वेगाचा नसतोच. हे बंद पडेल तेव्हा काय होईल, हा पहिला प्रश्न.

मालकाने ठरवायचे दोन आकडे

पहिला आकडा: काम किती वेळ थांबलं तर चालेल? दुसरा आकडा: किती वेळाचं काम पुसलं गेलं आणि पुन्हा करावं लागलं तर चालेल? आयटीवाले यांना आरटीओ आणि आरपीओ म्हणतात. नावं लक्षात राहिली नाहीत तरी चालेल, पण आकडे कागदावर हवेत.

साखर कारखाना घ्या. गाळप हंगामात वजनकाट्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग असते. काट्याचा संगणक ज्या सर्व्हरशी बोलतो तो तीन तास बंद पडला, तर रांग रस्त्यावर जाते. तोडलेला ऊस ताटकळला की त्यातली साखर उतरते आणि नुकसान शेतकऱ्याचं आणि कारखान्याचं, दोघांचंही होतं. इथे पहिला आकडा मिनिटांत हवा. हंगाम संपल्यावर त्याच कारखान्याला एक दिवसाचा खंड परवडेल. पतसंस्थेचं गणित वेगळं. अर्धा तास व्यवहार थांबले तर ग्राहक कुरकुरतील, पण थांबतील. मात्र पिग्मीची आणि काउंटरवरची एकही नोंद हरवता कामा नये. तिथे दुसरा आकडा जवळजवळ शून्य हवा. लेखापरीक्षकाच्या कार्यालयाला एरवी दिवसभराचा खंड चालतो, पण जीएसटीच्या विवरणाची ११ आणि २० तारीख, किंवा आयकराची अखेरची तारीख आली, की तासालाही किंमत येते.

काही आकडे तर कायद्यानेच ठरवले आहेत. हिशेबाची पुस्तकं संगणकावर ठेवणाऱ्या कंपन्यांनी त्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवावा, असा नियम ऑगस्ट २०२२च्या दुरुस्तीने आला. त्याआधी नियमात ठरावीक कालांतराने एवढंच होतं. पुस्तकं आठ वर्षं जपावी लागतात. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस ठेवायच्या असतात आणि सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायची असते. किती जागा लागेल याचा हिशेब करताना हे सगळं धरावं लागतं.

हे आकडे आयटी विभागातल्या मुलाने ठरवायचे नसतात. त्याला सगळंच महत्त्वाचं वाटणार किंवा बजेट पाहून तो गप्प बसणार. थांबलेल्या तासाची किंमत मालकालाच माहीत असते.

मोजल्याशिवाय मागवू नये

आता एक उदाहरण मांडू. चाकण-भोसरी पट्ट्यात असतो तसा सुटे भाग बनवणारा, दीडशे संगणकांचा एक कारखाना धरू. बारा आभासी सर्व्हर: ईआरपी, त्याचा डेटाबेस, फायली, ड्रॉइंग, हजेरी-पगार, रिमोट डेस्कटॉपवर चालणारं टॅली, लॉगइन सांभाळणारे दोन डोमेन कंट्रोलर आणि इतर किरकोळ. सगळ्यांना मिळून ५६ आभासी कोअर आणि २२० जीबी मेमरी दिली आहे. माहिती ६ टेराबाइट आहे आणि ती दरवर्षी पाव पटीने वाढते.

हे आकडे अंदाजाने घ्यायचे नसतात. चालू यंत्रणेवर निदान एक पूर्ण महिना मोजणी ठेवायची. त्यात महिनाअखेर आली पाहिजे आणि रात्रीच्या बॅकअपची वेळही. सरासरीवर जाऊन फसगत होते. सर्व्हरचा कस लागतो तो सगळे एकदम कामाला लागतात त्या अर्ध्या तासात.

प्रोसेसरचं गणित सोपं आहे. सगळे आभासी सर्व्हर एकाच क्षणी पूर्ण ताकदीने धावत नाहीत. म्हणून कार्यालयीन कामाला एका खऱ्या कोअरवर तीन-चार आभासी कोअर बसवले तरी भागतं. ५६ला तीनने भागलं की १९ येतात. पण यंत्रं दोन घेणार असू, तर एक बंद पडल्यावर दुसऱ्याने सगळा भार उचलला पाहिजे. म्हणजे १९ कोअर दोघांत वाटायचे नाहीत, प्रत्येकात हवेत. २४ कोअरचा एकच प्रोसेसर प्रत्येक यंत्रात पुरतो. दोन यंत्रं असतील तर रोजचा भार प्रत्येकी निम्म्याच्या आत राहायला हवा, तीन असतील तर दोन तृतीयांशाच्या आत, चार असतील तर पाऊण भागाच्या आत. 'निम्मी ताकद वाया जाते' अशी तक्रार दर बैठकीत होते. ती ताकद वाया जात नसते. यंत्र बंद पडेल त्या दिवसासाठी ती विकत घेतलेली असते.

मेमरी प्रोसेसरइतकी वाटून वापरता येत नाही. कमी पडली तर हायपरव्हायझर डिस्कवर ढकलाढकली करतो आणि सगळी बारा कामं एकाच वेळी रखडतात. २२० जीबीत पुढच्या वाढीसाठी चाळीस टक्के धरले की ३०८ होतात. बारा मेमरी चॅनेलच्या प्रोसेसरला ३२ जीबीच्या बारा पट्ट्या लावल्या तर ३८४ जीबी होतात आणि सगळे चॅनेल भरतात. इथे चूक होते ती अशी, की स्वस्त पडतं म्हणून मोठ्या चार पट्ट्या लावल्या जातात. एकूण मेमरी तेवढीच दिसते, पण चॅनेल रिकामे राहिल्याने वेग घटतो. मेमरी ईसीसी, म्हणजे आपली चूक आपणच दुरुस्त करणारी हवी, हे वेगळं सांगायला नको. २०२५च्या अखेरीस एआय केंद्रांच्या मागणीमुळे मेमरीचे भाव झपाट्याने चढले. त्यामुळे 'पुढे वाढवू' हे धोरण पूर्वीइतकं बिनधोक राहिलेलं नाही. पुढची दोन वर्षं पुरेल एवढी मेमरी आजच घेणं शहाणपणाचं आहे.

डिस्क: जागा आणि झपाटा

स्टोरेज घेताना लोक टेराबाइट विचारतात. टेराबाइट म्हणजे जागा. आभासी सर्व्हरांना जागेइतकीच गरज असते ती एका सेकंदात किती वाचन-लेखन होतं याची. त्या मोजमापाला आयऑप्स म्हणतात. बारा सर्व्हर एकाच डिस्कसंचावर एकाच वेळी हात घालतात आणि प्रत्येकाला वेगवेगळ्या कोपऱ्यातली माहिती हवी असते. मिनिटाला ७,२०० फेऱ्या मारणाऱ्या तबकडीला हवी ती जागा डोक्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे ४.२ मिलिसेकंद लागतात. त्यात डोकं सरकण्याचा वेळ मिळवला की सेकंदाला जेमतेम ८० ते १०० कामं होतात. तबकडी वीस टेराबाइटची असली तरी कामं तेवढीच.

आपल्या कारखान्याला गर्दीच्या वेळी ५,००० आयऑप्स लागतात असं धरू. त्यातलं साठ टक्के वाचन, चाळीस टक्के लेखन. डिस्क बिघडली तरी माहिती वाचावी म्हणून त्या रेड पद्धतीने जोडतात. पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या बर्कलेच्या तिघांनी १९८८मध्ये ही मांडणी प्रसिद्ध केली. रेडची एक किंमत असते. रेड १०मध्ये एका लेखनामागे डिस्कवर दोन कामं होतात, रेड ५मध्ये चार, रेड ६मध्ये सहा. म्हणजे ३,००० वाचनं आणि २,००० लेखनं यांचा प्रत्यक्ष भार रेड १०वर ७,०००, रेड ५वर ११,००० आणि रेड ६वर १५,००० होतो. ८० कामं करणाऱ्या तबकड्यांनी हे भागवायचं, तर रेड १०लाही ८८ लागतील. हे कोणीच घेणार नाही. एंटरप्राइझ दर्जाची एसएसडी मात्र एकटीच हजारोंच्या घरात आयऑप्स देते आणि एनव्हीएमई जातीची लाखांच्या घरात. म्हणून आभासी सर्व्हर फिरत्या तबकडीवर चालवायचे दिवस संपले आहेत. तबकडीची जागा आता बॅकअपमध्ये. तिथे जागा स्वस्त लागते आणि झपाटा कमी चालतो.

६ टेराबाइट दरवर्षी पाव पटीने वाढले तर पाच वर्षांत १८च्या थोडे वर जातात. ३.८४ टेराबाइटच्या आठ एसएसडी रेड ६मध्ये जोडल्या तर २३ टेराबाइट वापरता येतात. दोन एसएसडी गेल्या तरी माहिती शाबूत राहते.

रेड ५चा मोह मात्र टाळावा, विशेषतः बॅकअपच्या मोठ्या तबकड्यांवर. वीस टेराबाइटची तबकडी सेकंदाला २५० एमबीने, मधे काहीही न अडता भरली तरी बावीस तासांहून जास्त लागतात. प्रत्यक्षात काम चालू असताना दिवस लागतात. त्या काळात दुसरी गेली तर सगळं जातं. आणि दुसरी जाण्याची शक्यता माहितीपत्रकावरून वाटते त्याहून बरीच मोठी असते. रेडच्या मूळ तिघांपैकी गार्थ गिब्सन यांनी बियान्का श्रोडर यांच्याबरोबर २००७मध्ये सुमारे एक लाख डिस्कचा प्रत्यक्ष इतिहास तपासला. कंपन्यांच्या आकड्यांवरून वर्षाला एक टक्क्याहून कमी डिस्क जायला हव्या होत्या. प्रत्यक्षात दोन ते चार टक्के बदलाव्या लागणं नेहमीचं होतं आणि काही ठिकाणी प्रमाण तेरा टक्क्यांपर्यंत गेलं होतं. शिवाय बिघाड एकटेदुकटे येत नाहीत, ते मागोमाग येतात, असंही त्यात दिसलं.

एसएसडी तरी यातून सुटली का? नोव्हेंबर २०१९मध्ये एचपीईने ग्राहकांना सावध केलं, की आपल्या काही एसएसडी फर्मवेअरमधल्या दोषामुळे ३२,७६८ तास चालल्यावर कायमच्या निकामी होतील. ३२,७६८ तास म्हणजे तीन वर्षं, २७० दिवस आणि आठ तास. आता विचार करा. आठही डिस्क एकाच दिवशी बसवलेल्या असतात. मग त्यांची घटकाही एकाच वेळी भरते. अशा वेळी कुठलाही रेड वाचवू शकत नाही. कंपनीने दुरुस्त फर्मवेअर दिलं आणि ज्यांनी ते वेळेत चढवलं त्यांचं निभावलं. धडा साधा आहे. हार्डवेअर घेताना फर्मवेअरची सूचना कोण वाचणार आणि कोण चढवणार, हे वार्षिक देखभालीच्या करारात लिहून घ्या. शक्य असेल तर डिस्क दोन वेगळ्या लॉटच्या मागा.

बाजारातली घरगुती एसएसडी निम्म्याहून कमी किमतीत दिसते आणि हात तिकडे जातो. फरक दोन ठिकाणी आहे. एंटरप्राइझ एसएसडीत छोटे कपॅसिटर असतात. वीज गेली तर हातातलं लेखन पूर्ण होईल एवढी ऊर्जा ते पुरवतात. दुसरा फरक झिजेचा. रोज एकदा पूर्ण भरण्याची पाच वर्षांची हमी असलेली ३.८४ टेराबाइटची एसएसडी सुमारे ७,००० टेराबाइट लेखन सोसते. तेवढ्याच आकाराच्या घरगुती एसएसडीची हमी साधारण तिसऱ्या हिश्शाची असते.

एक खजिना की दोन?

आता दोन आकड्यांचा खरा उपयोग कळतो. दोन सर्व्हर घेतले, पण माहिती कुठे ठेवायची? तीन वाटा आहेत.

पहिली वाट सामाईक स्टोरेजची. दोन्ही सर्व्हर एकाच पेटीतून वाचतात-लिहितात. एक सर्व्हर पडला की त्याचे आभासी सर्व्हर काही मिनिटांत दुसऱ्यावर सुरू होतात. पेटीत लिहून झालेली एकही नोंद हरवत नाही. पेटीत दोन कंट्रोलर आणि दोन वीजपुरवठे हवेतच. तरी शेवटी पेटी एकच आहे, हे विसरू नये. वर दोन सर्व्हर, मधे दोन स्विच आणि खाली सगळ्यांचा भार एकाच स्टोरेजवर, ही रचना कोटेशनमध्ये 'हाय अव्हेलेबिलिटी' म्हणून येते. दोनच सर्व्हर असतील तर स्टोरेज थेट केबलने जोडता येतं, महागड्या स्विचची गरज पडत नाही.

दुसरी वाट: प्रत्येक सर्व्हरमध्ये स्वतःच्या डिस्क आणि एकाची नक्कल ठरावीक वेळाने दुसऱ्यावर. हायपर-व्हीमध्ये ही नक्कल ३० सेकंद, ५ मिनिटं किंवा १५ मिनिटांनी घेता येते. प्रॉक्समॉक्स या हायपरव्हायझरमध्ये झेडएफएस या फाइल-प्रणालीच्या साहाय्याने असंच करता येतं. स्टोरेजची स्वतंत्र पेटी लागत नाही, खर्च बराच उतरतो आणि माहितीच्या दोन खऱ्या प्रती दोन यंत्रांत राहतात. किंमत एवढीच, की बिघाडात शेवटची काही मिनिटं जातात आणि दुसरं यंत्र माणसाने सुरू करावं लागतं.

तिसरी वाट हायपरकन्व्हर्ज्ड म्हणवली जाणारी. तीन किंवा अधिक सर्व्हरांच्या डिस्क सॉफ्टवेअर एकत्र गुंफतं आणि प्रत्येक लेखन दोन ठिकाणी पक्कं झाल्यावरच 'झालं' म्हणतं. न्यूटॅनिक्स, व्हीएमवेअरचं व्हीसॅन आणि सेफ ही त्यातली नावं. इथे नेटवर्क हाच कणा असतो. १० गिगाबिट किमान आणि नवी खरेदी असेल तर २५ गिगाबिटचे दोन स्विच घ्यावेत. दोनच सर्व्हरांत हे करायचं तर तिसऱ्या जागी साक्षीदार ठेवावा लागतो. नाहीतर मधली तार तुटल्यावर दोघेही स्वतःला खरा समजून वेगवेगळ्या नोंदी लिहीत बसतात आणि त्या पुढे जुळत नाहीत.

आपल्या चाकणच्या कारखान्याने 'पंधरा मिनिटांचं काम पुन्हा केलं तर चालेल, अर्धा तास थांबलं तरी चालेल' असं ठरवलं, तर दुसरी वाट पुरते आणि लाखो रुपये वाचतात. पतसंस्थेने 'एकही नोंद जाता कामा नये' म्हटलं, तर पहिली किंवा तिसरी वाट घ्यावीच लागते. वाट आकड्यावरून ठरते. आकडा न ठरवता मागवलेल्या कोटेशनमध्ये विक्रेता आपल्याकडे असेल ती वाट सुचवतो, आणि त्यात त्याला दोष देता येत नाही.

परवान्यांचा हिशेब

हार्डवेअर निवडताना सॉफ्टवेअरचे परवाने बाजूला ठेवता येत नाहीत, कारण ते कोअरवर मोजले जातात. विंडोज सर्व्हरला प्रत्येक यंत्रामागे किमान १६ कोअरचे पैसे मोजावे लागतात. स्टँडर्ड परवान्यात दोन आभासी सर्व्हर चालतात, डेटासेंटर परवान्यात अमर्याद. आभासी सर्व्हर दहा-बाराच्या पुढे गेले की डेटासेंटर स्वस्त पडू लागतो. आभासी सर्व्हर एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाणार असतील तर दोन्ही यंत्रांचे परवाने हवेत, हे अनेकांना लेखापरीक्षणातच कळतं. म्हणून गरजेपेक्षा जास्त कोअर घेणं हे दरवर्षीचं ओझं होऊन बसतं. कमी कोअर आणि जास्त वेग असलेला एक प्रोसेसर बहुतेक मध्यम उद्योगांना दोन प्रोसेसरपेक्षा फायद्याचा ठरतो.

नोव्हेंबर २०२३मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतलं. महिन्याभरात कायमचे परवाने विकणं बंद झालं, वर्गणी आली आणि ती प्रत्येक प्रोसेसरमागे किमान १६ कोअर धरून. आठ कोअरचा प्रोसेसर असला तरी पैसे सोळाचे. जगभरातल्या मध्यम उद्योगांची अंदाजपत्रकं हलली आणि प्रॉक्समॉक्स, हायपर-व्ही, न्यूटॅनिक्स यांच्याकडे ओघ सुरू झाला. यातून हार्डवेअरपुरता धडा असा: सर्व्हर, नेटवर्क कार्ड आणि डिस्क कंट्रोलर निदान दोन हायपरव्हायझरांच्या मान्य यादीत आहेत ना, हे ऑर्डरआधी तपासा. सर्व्हर पाच-सात वर्षं टिकतो. परवान्याचं धोरण तेवढे दिवस टिकेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

वीज, पाणी आणि सुटा भाग

यंत्र कितीही चांगलं असलं तरी ते कुठल्या खोलीत बसतं यावर त्याचं आयुष्य ठरतं. सर्व्हरच्या खोलीचं तापमान १८ ते २७ अंशांत राहावं अशी अ‍ॅशरे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेची शिफारस आहे. मे महिन्यात वीज गेली, यूपीएसवर सर्व्हर चालू राहिले आणि एसी मात्र जनरेटरवर नसला, तर ती लहानशी खोली बघता बघता तापते. सर्व्हरला दोन वीजपुरवठे असतात, ते दोन वेगळ्या यूपीएसला जोडायचे. दोन्ही एकाच यूपीएसला जोडलेले अनेक ठिकाणी दिसतात, मग दुसऱ्याला अर्थ राहत नाही. १२ ऑक्टोबर २०२०च्या सकाळी मुंबई महानगराची वीज गेली. मुंबईची वीज जात नाही हा भरवसा त्या दिवशी संपला.

आणि पाणी. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. २०१९मध्ये कोल्हापूर-सांगली, २०२१च्या जुलैत चिपळूण. महाराष्ट्रात सर्व्हरची खोली तळमजल्यावर किंवा तळघरात ठेवणं हा निर्णय ज्याने घेतला त्याला या तीन पुरांची आठवण करून द्यावी.

हमीची ओळही नीट वाचावी. 'नेक्स्ट बिझनेस डे' म्हणजे तक्रार नोंदल्याच्या दुसऱ्या कामाच्या दिवशी. शुक्रवारी संध्याकाळी बिघडलं तर सोमवार. चार तासांची सेवा घ्यायची असेल तर सुट्या भागांचं गोदाम कुठे आहे ते विचारा. पुण्या-मुंबईत जे चार तास असतात ते लातूर-गडचिरोलीत नसतात. लांबच्या गावात एक जादा डिस्क आणि एक जादा वीजपुरवठा कपाटात ठेवणं स्वस्त पडतं.

बॅकअप म्हणजे परत आणता येणं

रेड म्हणजे बॅकअप नव्हे. नक्कल म्हणजेही बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल आणि कुलूप घातलेला डेटाबेस नकलेतही त्याच इमानाने पुसला जातो आणि कुलूपबंद होतो. फेब्रुवारी २०२३मध्ये जगभरातल्या हजारो व्हीएमवेअर सर्व्हरांवर असाच हल्ला झाला. ज्या छिद्रातून तो झाला असं सांगितलं गेलं, त्याची दुरुस्ती दोन वर्षं आधी आलेली होती. हल्लेखोर हायपरव्हायझरवर बसला की एका दमात सगळे आभासी सर्व्हर त्याच्या हाती येतात. म्हणून हायपरव्हायझरचा कारभार वेगळ्या नेटवर्कवर, वेगळ्या पासवर्डने ठेवायचा आणि बॅकअपचा सर्व्हर रोजच्या लॉगइनपासून तोडायचा.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम आजही पुरेसा आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक बाहेरगावी. त्यात आज एक भर घालायला हवी, की एक प्रत अशी असावी जी ठरलेली मुदत संपेपर्यंत खुद्द व्यवस्थापकालाही पुसता येणार नाही. १० मार्च २०२१ला फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग इथे ओव्हीएच कंपनीची एक डेटा सेंटर इमारत जळाली. बॅकअप त्याच आवारात असलेल्या ग्राहकांचं दोन्ही गेलं. २६ सप्टेंबर २०२५ला दक्षिण कोरियातल्या देजॉन इथल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम बॅटऱ्यांनी पेट घेतला. सरकारी कर्मचाऱ्यांच्या जी-ड्राइव्हवरची ८५८ टेराबाइट माहिती नष्ट झाली. साठा फार मोठा म्हणून त्याची बाहेर प्रतच ठेवली नव्हती. स्टोरेज घेतानाच त्याच्या बॅकअपचे पैसे वेगळे काढले नाहीत तर पुढे कधीच निघत नाहीत.

आणि प्रत असणं पुरत नाही. ३१ जानेवारी २०१७ला गिटलॅब या कंपनीत चुकून चालू डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या, त्यातली एकही भरवशाने चालत नव्हती. सुमारे सहा तासांची माहिती गेली. ही कंपनी संगणक अभियंत्यांची होती. आपल्या हिशेबनीसाने आणि हार्डवेअरवाल्याने मिळून ठेवलेला बॅकअप न तपासता चालेल असं मानायला काहीच आधार नाही. डेटा जपण्याच्या सॉफ्टवेअरवर पुण्यात तीन दशकं काम होत आलं आहे. व्हेरिटासचं मोठं केंद्र इथे होतं, ड्रुव्हा २००८मध्ये इथेच सुरू झाली. हे ज्ञान आपल्या दारात आहे. आपल्या उद्योगांनी त्याचा लाभ घेतला पाहिजे.

क्लाउडवर का जाऊ नये?

जावं, पण तेच दोन आकडे घेऊन. मुंबईत अ‍ॅमेझॉन आणि गूगल, पुणे-मुंबईत मायक्रोसॉफ्ट यांची केंद्रं आहेत. भार अचानक वाढणारा असेल, बाहेरगावची प्रत ठेवायची असेल किंवा सर्व्हर सांभाळायला माणूसच नसेल, तर क्लाउड उत्तम. भार वर्षानुवर्षं सारखाच असेल तर स्वतःचं यंत्र बहुधा स्वस्त पडतं. ३७सिग्नल्स या अमेरिकी कंपनीने २०२२मध्ये क्लाउडवर ३२ लाख डॉलर खर्च केले आणि मग स्वतःचे सर्व्हर घेऊन काम परत आणलं. पण तिच्याकडे ते सांभाळणारी माणसं होती. कारखान्याची इंटरनेटची तार तुटली तर वजनकाटा चालेल का, हा प्रश्न क्लाउडच्या कोटेशनमध्ये नसतो. तो आपणच विचारायचा.

ठरावात लिहा

म्हणून हा क्रम धरा. संचालक मंडळाने किंवा मालकाने प्रत्येक कामासमोर दोन आकडे लिहावेत आणि त्याखाली सही करावी. आयटीने महिनाभर मोजणी करावी. मग ते आकडे आणि ती मोजणी जोडून तीन विक्रेत्यांना एकच प्रश्न विचारावा: एवढ्या वेळात, एवढंच गमावून, हे परत सुरू करून दाखवाल का? दाखवण्याची अट खरेदीच्या ऑर्डरमध्ये घालावी. शेवटचा हप्ता द्यायच्या आधी, सगळ्यांसमोर एका चालू सर्व्हरची वीज काढावी, घड्याळ लावावं आणि बॅकअपमधून एक आभासी सर्व्हर उभा करून घ्यावा. पुढे दर तीन महिन्यांनी हीच कवायत करावी आणि लागलेला वेळ सभेच्या इतिवृत्तात नोंदवावा.

नोंदवलेला वेळ पहिल्या आकड्याच्या आत असेल तर खरेदी योग्य झाली, मग कोटेशनमधला प्रोसेसर कुठलाही असो. तो बाहेर गेला, तर पुढच्या बैठकीचा पहिला विषय तोच असावा. सर्व्हरवर कामगाराचा पगार असतो, ठेवीदाराची जमा असते, रुग्णाचा अहवाल असतो. यातलं काहीच त्या यंत्राच्या मालकाचं नसतं, ते त्याच्याकडे विश्वासाने ठेवलेलं असतं. तो विश्वास किती मिनिटं ताणता येईल, हे ठरवायचं काम विक्रेत्यावर सोडता येत नाही.